मीठपाणी आणि साखरपाणी

आमच्या दवाखान्यात 'सलाईन' हा शब्द उच्चारायला बंदी होती. ती मोठ्या डॉक्टरांनी घातली नव्हती, की संचालक मंडळानंही नाही. आमच्या फार्मासिस्टांनी ती घातली होती आणि मोडणाऱ्याला ते औषध देत नसत. खिडकीच्या जाळीमागे बसून चष्म्यावरून नुसते बघत राहायचे. एखादी नवी सिस्टर म्हणायची, "सर, सात नंबरला सलाईन द्या."

"कोणतं?"

"सलाईन, सर."

"अहो बाई, बाटलीला तिचं नाव असतंय. तुमाला मी 'ए माणूस' म्हणून हाक मारली तर चालंल का?"

आपल्याकडे शिरेतून थेंब थेंब जे जातं ते सगळं सलाईनच. पेशंट तसंच म्हणतो, नातेवाईक तसंच म्हणतात, घाईत असले की डॉक्टरही तसंच म्हणतात. खरं तर सलाईन म्हणजे फक्त मिठाचं पाणी. ग्लुकोजची बाटली वेगळी. पण हे सांगत बसायला कुणाला वेळ असतो? यांना होता. त्यांनी आपली सोपी नावं ठेवली होती, मीठपाणी आणि साखरपाणी. प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर निळ्या शाईनं मोठ्या अक्षरात ते नाव लिहायचे आणि मगच बाटली खिडकीबाहेर यायची. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही वाचता यावं म्हणून मराठीत लिहायचे. "इंग्रजी वाचून चुका करायला आपल्याकडं डॉक्टर हायेत," हे वाक्य ते डॉक्टरांसमोरच म्हणायचे.

मी बीडहून तिथं नोकरीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते, नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. दवाखाना सहकारी होता. साखर कारखान्याच्या सभासदांनी चांगल्या वर्षांत अंबाजोगाई रस्त्याला उभा केलेला, तीस खाटांचा. मी गेले ते दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. त्या हंगामात कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. आवारात बैलगाड्यांच्या जागी चारा छावणी बसली. दवाखान्याचं पाणी टँकरनं यायचं आणि ऑपरेशनच्या तारखा टँकरच्या फेऱ्या बघून ठरायच्या. माणसं एकेक करून नोकरी सोडून जात होती. ज्यांना दुसरीकडे कुणी बोलावत नव्हतं, ते उरले होते. फार्मासिस्टांना लातूरहून दोनदा बोलावणं आलं होतं, असं मागाहून कळलं. ते गेले नाहीत.

उंच, हडकुळा माणूस. शर्टाच्या खिशात भर दुपारीसुद्धा विजेरी. कुठलंही इंजेक्शन बाटलीत मिसळलं की बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, मागून विजेरी लावायची आणि आत काही कण दिसतात का ते बघायचं. पेशंटना वाटायचं हा माणूस देव बघतोय. औषधाच्या खोक्यात बारीक छपाईची घडीची चिठ्ठी असते, आपण सगळे ती फेकून देतो. ते ती खोलीवर नेऊन इस्त्री करायचे. घड्या मोडल्या की भिंग घेऊन वाचायचे आणि पत्र्याच्या पेटीत रचून ठेवायचे. दुपारी वॉर्ड शांत झाला की आम्हा सिस्टरना बोलवायचे आणि एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावायचे. आम्ही डुलक्या घ्यायचो. रागवायचे नाहीत. "झोपा," म्हणायचे, "कानावर तर पडंल."

त्यांचं घर घाटनांदूरला. बायको तिथं, हे दवाखान्यामागच्या एका खोलीत. मूलबाळ नव्हतं. रविवारी जायचे, सोमवारी पहिल्या बसनं परत. घरचं काही विचारलं तर "बरं हाय" एवढंच.

मोठी, जपून आणायची औषधं लातूरहून यायची. ती आणायला ते स्वतः जायचे आणि येताना एसटीत बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. त्या औषधांना ते 'पाहुणे' म्हणायचे. एकदा गच्च भरलेल्या बसमध्ये उभं राहायची पाळी आली. खिडकीच्या सीटवरच्या एका पागोटेवाल्याला ते म्हणाले, "मामा, मी उभा ऱ्हातो, पर पाहुण्याला बसू द्या." पागोटेवाला इकडेतिकडे बघू लागला. "कुठाय पाहुणा?" यांनी डब्याचं झाकण उघडून आतल्या चार बारक्या बाटल्या दाखवल्या. तो माणूस उठला, डबा सीटवर ठेवला गेला आणि दोघंही अंबाजोगाईपर्यंत डब्याला हात लावून उभे राहिले. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. त्या बसचा कंडक्टर सांगायचा.

त्या पाहुण्यांपैकी एक फार नाजूक होता. बुरशीवरचं औषध, पिवळसर भुकटी. पाण्यात कालवली की हळदीच्या दुधासारखी दिसणारी. ते फक्त साखरपाण्यातून द्यायचं, मीठपाण्याचा थेंब लागला तरी बिघडतं. हे आम्हाला समजावण्यासाठी त्यांनी एका दुपारी दोन पेले मांडले. एकात टँकरचं पाणी, दुसऱ्यात आवारातल्या बोअरचं. त्या वर्षी बोअर इतकं खोल गेलं होतं की पाणी खारं, मचूळ लागायचं. दोन्हींत साबणाचा कीस टाकला आणि आम्हाला ढवळायला लावलं. टँकरच्या पाण्यात फेस आला. बोअरच्या पाण्यात दही फुटल्यासारख्या गुठळ्या वर आल्या.

"ह्ये नुसतं उदाहरण हाय, तसंच्या तसं न्हाई," ते म्हणाले. "पर ध्यानात धरा. ते औषध तेलकट बारक्या पिशव्यांत बांधलेलं असतंय. नुसत्या डोळ्याला दिसत न्हाईत इतक्या बारक्या. पिशव्या सुट्या सुट्या ऱ्हायल्या तर रक्तातून दुखण्याच्या जागी जातेत. मीठ लागलं की एकमेकीला चिकटतेत. मग बाटली भरलेली दिसंल, पट्टीवर औषधाचं नाव असंल, पर औषध ऱ्हायलेलं नसंल."

मी तो पेला धुतला. गुठळ्या बोटांना चिकटल्या होत्या.

गयाबाई आमच्याकडे आली ती मार्चमध्ये. साठीच्या आतबाहेर, वडवणीकडच्या एका खेड्यातली. साखरेचा आजार जुना होता, त्यात नाकात काळी बुरशी झाली. लातूरला ऑपरेशन करून खरवडून काढली, पण पुढे कित्येक दिवस रोज ते पिवळं औषध द्यायचं होतं. तिथं खाट नव्हती म्हणून आमच्याकडे पाठवलं. तिचा मुलगा शेषेराव आम्हाला चांगला माहीत होता, दवाखान्याचा टँकर तोच आणायचा. आई आमच्याकडे आल्यापासून तो पहिली फेरी आमच्याकडे टाकायचा आणि टाकी भरेपर्यंत तिच्या पायाशी बसायचा.

औषधाचा सगळा विधी फार्मासिस्ट स्वतः करायचे. मूत्रपिंडाला जपण्यासाठी आधी मीठपाणी द्यायचं. मग ती बाटली काढायची, नळी साखरपाण्यानं धुवायची आणि मगच औषध. "नळी धुतली का?" हे ते तीनदा विचारायचे, तिन्ही वेळा नवं विचारल्यासारखं. साखरपाण्यानं रक्तातली साखर वाढणार म्हणून मोठ्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवून लिहिलेलं होतं. मग औषध उतरेपर्यंत दोन तास ते खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे.

गयाबाईच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं ती त्यांच्याकडे बघून मला म्हणायची, "लेकी, ह्यो मानूस माझ्याकडं बगतोय का बाटलीकडं?"

"बाटलीकडं," ते म्हणायचे. "तुमच्याकडं बगायला तुमचा पोरगा हाय."

ती हसायची. हसताना नाक दुखायचं, तरी हसायची. दहाएक दिवसांत ताप उतरला. ती भाकरी मागू लागली.

औषध संपत आलं तसे ते लातूरला गेले. तीन दिवसांचं माझ्याकडे देऊन, बाटल्यांवर पट्ट्या लावून, तीनदा विचारून गेले. एरवी संध्याकाळी परत यायचे. या खेपेला लातूरला औषध मिळालं नाही म्हणून तिथून सोलापूरला गेले.

पहिल्या दिवशी मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाईची साखर खूप वर दिसली. शेषेराव एरवीपेक्षा उशिरा, टाकी भरल्यावर आत आला तेव्हा मी बाटली लावत होते. इतके दिवस त्याच्या वेळेला मीठपाणी चालू असायचं, औषधाची बाटली त्यानं कधी बघितली नव्हती. पट्टीवरची निळी अक्षरं त्यानं वाचली आणि ओरडलाच.

"साखरपाणी? ओ सिस्टर, शुगरच्या पेशंटला साखर घालायलाव का? मारायची का माय माझी?"

मी सांगू लागले, पण मला नीट सांगता येईना. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. शेषेराव बाटलीला हात घालू लागला. मोठे डॉक्टर बीडला मीटिंगला गेलेले. मी ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांना फोन लावला. ते बाहेरच्या गर्दीत होते. "शुगर किती आहे? अरे बापरे. मग सलाईनमध्ये लावा ना, त्यात काय एवढं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला माहीत होतं. हे लिहिताना मी आडपडदा ठेवणार नाही. गुठळ्या मी माझ्या बोटांनी धुतल्या होत्या. पण समोर एक माणूस ओरडत होता आणि डॉक्टरांचा हुकूम होता. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. मी साखरपाण्याची बाटली उतरवली आणि औषध मीठपाण्यातून लावलं. शेषेराव शांत झाला. "रागावू नका सिस्टर," म्हणाला, "एकच माय हाय."

बाटली गढूळ दिसत होती. ते औषध गढूळच असतं, अशी मी मनाची समजूत घातली. थेंब मध्येच अडले तेव्हा नळीला टिचक्या मारल्या. गयाबाईला थंडी भरून आली. या औषधानं थंडी कधीकधी येतेच, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तसंच लावलं.

त्या दिवशी दुपारी ते बर्फाचा डबा घेऊन थेट वॉर्डात आले. तीन दिवसांचे कपडे, चेहऱ्यावर धूळ. खाटेजवळ आले, बाटलीकडे बघितलं, डबा खाली ठेवला आणि नळीचा खटका बंद केला. विजेरी काढायची गरजच पडली नाही. तळाशी पिवळी रवाळ साय बसली होती.

"कालबी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

नवी नळी, नवं साखरपाणी, सोलापूरचं नवं औषध, सगळं त्यांनी स्वतः लावलं. सुई भरताना बाटली मला धरायला लावली. गयाबाईनं विचारलं, "लई दिवस लावलाव, कुठं गेलताव?" ते म्हणाले, "पाहुणा आणायला," आणि तोंड फिरवून उभे राहिले.

चार दिवसांनी तिचा दुसरा डोळा सुजला. नवव्या दिवशी ती शुद्धीत नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी, शेषेरावचा टँकर टाकीशी लागलेला असताना, ती गेली. पाण्याची मोटर चालूच होती, ती बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. टाकी भरून पाणी आवारात वाहत राहिलं. त्या दुष्काळात वाहतं पाणी बघून छावणीतल्या बाया हंडे घेऊन धावल्या.

दोन दिवसांनी चेअरमननी आम्हाला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. कारखाना बंद, दवाखाना कसाबसा चाललेला, वर्तमानपत्रात आलं तर दवाखान्यालाही टाळं लागेल, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. "पोरानंच बाटली काढायला लावली ना? सगळ्या वॉर्डानं बघितलंय. तसं लिहून द्या, विषय संपला," ते म्हणाले.

फार्मासिस्ट म्हणाले, "साहेब, त्या पोराला काय ठाऊक? त्यानं वाचलं ते मी लिहिलेलं."

"लोकांत बोलू नका. संस्थेचं नाव जाईल."

"लोकांत न्हाई बोलत. त्याच्या घरी जाऊन बोलतो."

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "येताव का?" मी हो म्हणाले. का म्हणाले तेही सांगते. मी समोर असले तर ते माझं नाव घेणार नाहीत, असं मला वाटलं.

आठ-दहा दिवसांनी वडवणीच्या पुढे जीपमधून उतरून आम्ही उन्हात चालत गेलो. दहावा झाला होता. शेषेराव मुंडण केलेल्या डोक्यानं ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, आतून पाणी मागवलं. फार्मासिस्टांनी तांब्या हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"शेषेराव, आईला दोन दिवस औषध चुकीच्या पाण्यातून गेलं. ते सांगायला आलोय."

"चुकीच्या म्हंजी?"

"मिठाच्या. ते औषध मिठाच्या पाण्यात फुटतंय. शुगर असली तरी साखरेच्याच पाण्यातून द्यावं लागतंय. वरून इन्सुलिन द्यायचं असतंय, ते चालू होतं."

शेषेराव म्हणाला, "म्हंजी मीच. मीच म्हणलतो ना, काढा म्हणून."

"तुमी म्हणलाव. मायची काळजी म्हणून म्हणलाव, कुणीबी म्हणलं असतं. आमचं काम तुमाला समजावून सांगायचं होतं. मी बाटलीवर साखरपाणी लिहिलं, पर ते कशापायी लागतंय ते लिहिलं न्हाई, तुमाला बसवून सांगितलं न्हाई. बाटलीकडंच बगत बसलो. चूक दवाखान्याची हाय. तुमची न्हाई."

"त्यानंच गेली का माय?"

"ठाऊक न्हाई. दुखणं आधीच डोळ्याच्या मागं पोचलं असंल. त्यानंच गेली असं मला म्हणता येत न्हाई. त्यानं न्हाई गेली असंबी म्हणता येत न्हाई."

शेषेराव खाली बसला. "तुमी कशाला आलाव सांगायला?" तो म्हणाला. "ठाऊक नसतं तर बरं झालं असतं."

"रस्त्यानं त्योच इचार करत आलो. पर दवाखान्यात लोक बोलायलेत की पोरानं औषध बदलायला लावलं. ते इथवर येणारच. तवा तुमाला वाटलं असतं की सगळं तुमीच केलं."

मी खांबाला टेकून उभी होते. शेषेरावनं एकदा माझ्याकडे बघितलं. बाटली कुणी लावली ते त्याला माहीत होतं, तो समोरच होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं मान खाली घातली आणि रडू लागला. फार्मासिस्ट त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. हातातला तांब्या त्यांनी तसाच मांडीवर धरून ठेवला होता.

परत आल्यावर त्यांनी लेखी जबाब दिला. लातूरला जाताना आपण मागं काय समजावून ठेवलं नाही ते आधी लिहिलं. मग नव्या डॉक्टरांचं नाव, मग माझं. मी त्यांच्या पाया पडले. "माझं नाव काढा सर, माझी पहिली नोकरी आहे."

"न्हाई काढता येत, पोरी," ते म्हणाले. 'सिस्टर' सोडून दुसरं काही त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. "काढलं तर जे झालं ते झालंच न्हाई असं व्हईल."

मला ताकीद मिळाली. डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघून गेले. फार्मासिस्टांना संस्थेची बदनामी केली म्हणून काढून टाकलं. शेषेरावनं कुठेच तक्रार केली नव्हती. ज्या दिवशी ते पत्र्याची पेटी घेऊन एसटीला निघाले, त्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली आणि खोलीतच बसून राहिले. मला त्यांचा राग होता. शेषेरावला त्यांनी एवढं सावरलं आणि मला मात्र कागदावर लिहून टाकलं, असं मला वाटायचं. तो राग मी पुष्कळ वर्षं जपला. दवाखाना दोन वर्षांनी बंद पडला. मला बीडला सरकारी नोकरी लागली. ते घाटनांदूरला कुणाच्या तरी औषधाच्या दुकानात बसतात, एवढं कानावर यायचं. बीडहून घाटनांदूर काही लांब नाही. मी गेले नाही.

गेल्या वर्षी बीडच्या बसस्टँडवर आमच्या दवाखान्यातल्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "आपले कंपौंडरसाहेब गेले की. सहा महिनं झाले. तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

पुढच्या रविवारी मी घाटनांदूरला गेले. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच बघत होते. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. मी नाव सांगितलं, कुठल्या दवाखान्यातली ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"वडवणीकडं त्या बाईच्या घरी गेलते, तवा संगं एक सिस्टर आल्ती म्हणायचे. तुमीच का?"

"हो."

"लई येळा सांगितलं त्यांनी मला ते. म्हणायचे, एवढ्या दवाखान्यातून कुणी आलं न्हाई, ती पोरगी तेवढी आली."

मला तिथं बसवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. बाटली मीच लावली होती हे, आणि त्या दिवशी मी त्यांच्या सोबतीला गेले नव्हते, त्यांनी माझं नाव घेऊ नये म्हणून गेले होते, हेही. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग पदरानं आपले डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर आल्तीस तर खरी ना."